कॅसिनोतील बक्षिसी आणि पर्यटकांवरील वाढता खर्चभार : गोव्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी येथील जनावरांचा बाजार सर्वश्रुत आहे. अशा बाजारात बैलजोडी घेणारा शेतकरी केवळ सौद्याची किंमत पाहत नाही. दलाली, बाजाराची पावती आणि गाडीभाडे जोडूनच जोडी कितीला पडली हे तो सांगतो. कॅसिनोतील पर्यटकास असा हिशेब सहज मांडता येत नाही. तेथील खर्चाचा एक भाग खेळाच्या नियमांत दडलेला असतो, दुसरा कररूपाने वसूल होतो आणि तिसरा, म्हणजे बक्षिसी, पर्यटक स्वखुशीने देतो. प्रस्तुत लेखात या तीन घटकांची फोड करून त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

महाराष्ट्रात कॅसिनोंचे नियंत्रण व कर यासंबंधीचा अधिनियम 1976 मध्ये संमत झाला; परंतु तो कधीच अंमलात आला नाही आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्यात मात्र 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यांत्रिक जुगारास आणि 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवरील टेबलांच्या खेळांस मुभा मिळाली. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास प्रवेशबंदी आहे. परिणामी पणजीजवळ मांडवीच्या पात्रातील जहाजांवरील खेळाचा भार कायद्यानेच बाहेरून येणाऱ्या पर्यटकांवर पडतो.

नियमांतील दडलेली किंमत

रूलेच्या एकशून्यी चाकावर 0 ते 36 असे 37 आकडे असतात. प्रत्येक आकड्यावर एक रुपया लावला, तर 37 रुपये गुंततात. जिंकणाऱ्या आकड्यावर 35 रुपये नफा आणि लावलेला एक रुपया असे 36 रुपये परत मिळतात. उरलेला एक रुपया कॅसिनोचा. हे प्रमाण 2.70 टक्के होते. दोन शून्यांच्या चाकावर 38 रुपये लावून 36 च परत मिळतात. तेथे हे प्रमाण 5.26 टक्क्यांवर जाते. एखाद्या रात्री नशीब साथ देते हे खरे. तथापि डाव वाढत गेले की सरासरी हानी याच प्रमाणाकडे झुकते.

बक्षिसीचे गणित

मराठी समाजास बक्षिसी नवी नाही. दिवाळीची पोस्त हा घरकाम करणाऱ्यांचा व टपाल आणून देणाऱ्यांचा जणू हक्कच मानला गेला. ती वर्षातून एकदा आणि देणाऱ्याच्या ऐपतीनुसार दिली जाई. कॅसिनोत मात्र चाक फिरविणाऱ्या किंवा पत्ते वाटणाऱ्या कर्मचाऱ्यास, म्हणजे डीलरला, जिंकल्याबरोबर एखादी चिप सरकविण्याची रीत आहे. लास वेगासमध्ये डीलरांचे मूळ वेतन अल्प असते व अशी बक्षिसी बहुधा एकत्र करून सहकाऱ्यांत वाटली जाते. वेतनाचा जो भार मालकाने उचलावयाचा, त्याचा मोठा हिस्सा तेथे खेळणाराच उचलतो.

या रीतीची किंमत वरील उदाहरणातूनच काढता येते. एका आकड्यावरील प्रत्येक विजयानंतर लावलेल्या रकमेइतकीच एक चिप बक्षीस दिली, तर 37 रुपयांपैकी 36 ऐवजी 35 च हाती राहतात. हानी 2.70 वरून 5.41 टक्क्यांवर जाते, म्हणजे बरोबर दुप्पट होते. एका चिपेच्या या सौजन्याने एकशून्यी चाक दोन शून्यांच्या चाकाहूनही महाग ठरते. बक्षिसी जिंकलेल्या पैशातून दिल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती पूर्वीच्या डावांतील हानी भरून काढणाऱ्या रकमेतून जाते.

कराचा भार

वस्तू व सेवा कर 2017 मध्ये लागू झाला तेव्हापासून कॅसिनोंसाठी दर 28 टक्के होता. वाद होता तो हा दर कोणत्या रकमेवर लावावा याचा. कॅसिनोंचे म्हणणे असे की, कर त्यांच्याकडे उरणाऱ्या रकमेवर असावा. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्ससाठी भरलेली रक्कम हेच करपात्र मूल्य ठरले. जिंकलेल्या रकमेतून पुन्हा लावलेल्या डावावर कर नाही. परंतु न खेळता चिप्स परत केल्या तरी मूल्य घटत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून दर 40 टक्के झाला असून कॅसिनोच्या प्रवेशशुल्कासही तो लागू आहे.

1,000 रुपयांच्या करपात्र मूल्यावर पूर्वी 280 रुपये कर होता. तो आता 400 रुपये होतो. याच 1,000 रुपयांच्या चिप्स एकशून्यी चाकावर एकवार संपूर्ण लावल्यास सरासरी हानी 27 रुपये. म्हणजे सुमारे 15 वेळा सर्व रक्कम लावल्यावर होणारी हानी कराच्या रूपाने पहिला डाव सुरू होण्यापूर्वीच आकारली जाते. हा कर कॅसिनो किती प्रमाणात ग्राहकावर टाकतो, हे त्याच्या दररचनेवर अवलंबून असते. शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर असून त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, टक्केवारी किती याहून ती कशावरची हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. 2.70 टक्के प्रत्येक डावावर, 40 टक्के चिप्सच्या खरेदीवर, 30 टक्के जिंकलेल्या रकमेवर आणि बक्षिसी प्रत्येक विजयावर. आधार निरनिराळे असल्याने त्यांची बेरीज खेळणाऱ्याच्या नजरेस येत नाही. बक्षिसी देऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. अल्प वेतनावर रात्र जागविणाऱ्या कर्मचाऱ्यास ती आधार असते. ती नशिबाचा वाटा न समजता खर्चाच्या रकान्यात लिहावी, इतकेच. गोव्याच्या सहलीस निघणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांपुढे वाणिज्य व संख्याशास्त्राच्या अध्यापकांनी 37 रुपयांचे हे उदाहरण फळ्यावर मांडल्यास, बैलबाजारात त्यांचे वाडवडील जो हिशेब करीत आले तोच येथेही करता येतो, हे त्यांच्या ध्यानी येईल.