त्रिमिती नजर उपजत असते का?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ग्राफिक्स हा विषय असतो. एखाद्या यंत्रभागाचा प्लॅन आणि एलिव्हेशन द्यायचे, त्यावरून विद्यार्थ्याने आयसोमेट्रिक आकृती काढायची. काही मुलांना तो भाग कागदावरून उठून उभा राहिल्यासारखा दिसतो. बाकीच्यांना दिसतात नुसत्या रेषा. मग केटी लागते. त्याहून वाईट म्हणजे मूल मनाशी ठरवून टाकते, की हा आपला प्रांत नव्हे. हा निष्कर्ष बरोबर आहे का, ते आज आपण तपासू.

यात तत्त्वज्ञानवाल्यांचे काय काम, असे कुणी म्हणेल. काम जुने आहे. १६८८ साली आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी जॉन लॉक यांना विचारले: जन्मांध माणूस स्पर्शाने घन आणि गोल ओळखतो, उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता तो ते ओळखेल का? लॉक म्हणाले, नाही. पुढे सव्वातीनशे वर्षांनी दिल्लीत शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या पाच मुलांवर हा प्रयोग झाला. २०११ साली निष्कर्ष छापून आले. हाताने चाचपलेली वस्तू लगेच नुसत्या नजरेने ओळखणे त्यांना जमले नाही. पण काही दिवसांतच जमू लागले. म्हणजे बघा, डोळा आणि हात यांची ओळख वापरातून होते.

आता अमेरिकेत जाऊ. मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सॉर्बी यांनी १९९३ साली नव्या विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली. वस्तू मनातल्या मनात फिरवायची आणि योग्य चित्र निवडायचे, असे ३० प्रश्न. चाचणी दिली ५३५ जणांनी, आणि ९६ जणांना साठ टक्क्यांच्या वर जाता आले नाही. एकूणात मुली फक्त १७ टक्के होत्या, या मागे राहिलेल्यांत मात्र ४३ टक्के. इथेच थांबले तर ‘मुलींना हे जमत नाही’ असे म्हणून मोकळे होता येते, आणि पुष्कळ जण झालेही. पण सॉर्बींनी पूर्वायुष्यही विचारले होते. लहानपणी जोडाजोडीची खेळणी खेळलेली, शाळेत ड्राफ्टिंग केलेली मुले पुढे होती. त्या ९६ पैकी २४ जणांना दहा आठवडे शिकवले, तेव्हा त्यांचे गुण ठळकपणे वाढले. पुढे असा अभ्यासक्रम घेतलेल्या मुली इंजिनीअरिंगमध्ये टिकून राहण्याचे प्रमाणही सुधारले.

म्हणजे चाचणीने मोजले ते आजवरचे बालपण. कुणाच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर दिला गेला आणि कुणाला ‘तू राहू दे’ म्हटले गेले, त्याचा तो हिशेब. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते: कुणी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्या, कुणाच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही. पहिल्या दिवशी एकाच बाकावर दोघे बसतात आणि फळ्यावर प्रश्न मात्र एकच.

उपाय काय केला? ठोकळे जोडायचे, फिरवायचे आणि ठिपक्यांच्या कागदावर पेन्सिलीने रेखाटायचे. सॉफ्टवेअरही होते, पण माऊसने आकृती गरगर फिरते तेव्हा फिरवण्याचे काम संगणक करतो, मन नव्हे. आमचे मत स्पष्ट आहे: पहिले काही आठवडे पेन्सिलच.

घरी एक करून बघा. घनाला एकाच सरळ कापाने असे कापायचे, की कापलेला भाग सम षटकोनी दिसेल. डोळे मिटून बहुतेकांना चौकोन दिसतो, फार तर त्रिकोण. आता कच्च्या बटाट्याचा घन करा. एक कोपरा आणि त्याच्या थेट समोरचा कोपरा धरा. या दोन्ही कोपऱ्यांना न मिळणाऱ्या सहा कडा उरतात. त्यांच्या मध्यबिंदूंतून सुरी न्या. षटकोन मिळेल. एकदा हाताने कापला की मग तो डोळे मिटूनही दिसू लागतो, आणि कापायच्या आधी तो दिसत नव्हता हे आठवणेही अवघड होते. म्हणूनच ज्यांना आधीपासून दिसते अशा शिक्षकांना न दिसणाऱ्याची अडचण कळत नाही. ‘अहो, सरळ दिसतंय की!’ असे ते मनापासून म्हणतात.

तेव्हा चाचणी पहिल्याच आठवड्यात घ्यावी, तिचे गुण निकालात धरू नयेत, आणि मागे असलेल्यांना ठोकळे द्यावेत. आठवड्याला एक तास, एका सत्रापुरता. लाकडी ठोकळे गावातला सुतारही करून देईल.