इंग्रजी कच्चं? मग हा शब्द पक्का करा!

दोस्तांनो, इंग्रजीचा पेपर म्हटलं की पोटात गोळा येतो ना? मग आज असं एक इंग्रजी विशेषण घेऊ, जे पाठ करायची गरजच नाही. उमरखेडच्या बाजारात ते केव्हाही कानावर पडेल. ‘भाव पक्का सांगा’, ‘रस्ता पक्का झाला’, ‘स्वारी पक्की लबाड आहे’. होय, आपला ‘पक्का’च! इंग्रजी शब्दकोशात तो चक्क विशेषण म्हणून बसला आहे. स्पेलिंग पी-यू-के-के-ए. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं मात्र पी-यू-सी-सी-ए लिहितात. आणि लंडनचा माणूस उच्चार करतो ‘पका’, जणू पिकलेला आंबाच!

गंमत म्हणजे, अर्थाने तो फारसा चुकत नाही. संस्कृत ‘पच्’ म्हणजे शिजवणे. त्यावरून ‘पक्व’ आणि पुढे ‘पक्का’. शिजलं, पिकलं म्हणजे पूर्ण तयार झालं. भट्टीत भाजली की वीट पक्की. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी रुतते तो रस्ता कच्चा, खडी-डांबराचा तो पक्का. जुन्या बाजारात लहान माप ‘कच्चा शेर’, मोठं माप ‘पक्का शेर’.

हिंदीतही हाच शब्द. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी तो तिथून उचलला. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात कच्चा आणि पक्का दोघेही हजर आहेत.

आता वापर पाहू. ‘अ पक्का हाउस’ म्हणजे विटा-सिमेंटचं घर. दुसरा अर्थ अस्सल. इंग्रजी राजवटीत ‘पक्का साहिब’ म्हणजे खानदानी गोरा साहेब. जॉर्ज ऑर्वेलने ‘बर्मीज डेज’ या 1934 सालच्या कादंबरीत या साहेबी तोऱ्याचं पितळ उघडं पाडलं आहे. तिसरा अर्थ ब्रिटनमधल्या बोलीतला : झकास! पण परीक्षेतल्या निबंधात या अर्थाने लिहू नका बरं का.

खरी मजा पुढेच आहे. लॅटिनमध्ये शिजवण्याला ‘कोक्वेरे’ म्हणतात. इंग्रजी ‘कुक’ तिथूनच आला. भाषातज्ज्ञ सांगतात, ‘पच्’ आणि ‘कोक्वेरे’ यांचं मूळ एकच. म्हणजे पक्का आणि कुक ही चुलत भावंडं! त्याच घराण्यातलं आणखी एक इंग्रजी विशेषण आहे ‘प्रिकोशस’, म्हणजे वेळेआधी पिकलेला. आपण मराठीत काय म्हणतो? अकालपक्व! दोन्ही भाषांना एकच कल्पना सुचली.

तेव्हा आईबाबा, ‘याचं इंग्रजी कच्चं आहे’ असं म्हणण्याआधी थांबा. तो ‘कच्चा’सुद्धा इंग्रजी कोशात आहे! आणि दोस्तांनो, नवा इंग्रजी शब्द दिसला की नुसता घोकू नका. कोशात त्याचं मूळ गाव शोधा. कुणी सांगावं, तो तुमच्याच गल्लीतून गेलेला असेल!