वळचणीची कपबशी

आमच्या घरी गोठ्याच्या वळचणीला कान तुटलेली एक कपबशी खोचलेली असे. चहाच्या वेळी आमचा सालगडी ती काढी, विसळी आणि अंगणात बसून पुढे धरी. आई वरूनच चहा ओती. पिऊन झाला की तो ती धुऊन जागेवर ठेवी. त्यानेच खुडलेल्या कणसांची ज्वारी आम्ही खात होतो. त्या ज्वारीला मात्र विटाळ नव्हता! वडिलांच्या वयाचा माणूस, पण आम्ही पोरे त्याला अरेतुरे करायचो आणि तो आम्हाला ‘धनी’ म्हणे.

पालवणकर बाळू हे चांभार समाजातले नामांकित क्रिकेटपटू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर गडी बाद केले. त्याआधी पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि यांना बाहेर, पिऊन फेकायच्या मातीच्या भांड्यात. यांनी हाताळलेला चेंडू मात्र सगळेच झेलत.

१९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली कायद्याने तो गुन्हा ठरला. आमची कपबशी त्यानंतरही कितीतरी वर्षे वळचणीला होती. ती काढा, असे घरात कुणी म्हटले नाही. मीही नाही, आणि मी तेव्हा कॉलेजात समतेवर भाषणे ठोकत होतो.

आता कागदी कप आले आहेत. लग्नकार्यात सगळ्यांनाच दिले तर बोलणे नाही. पण घरची माणसे स्टीलच्या पेल्यातून चहा पीत असताना ओट्यावरच्या एकालाच कागदी कप जातो का, हे उद्या चहाच्या वेळी जरा बघा.