भिंतीतलं मिठागर

नायगावची मिठागरं लोकलमधून जाणाऱ्यालाही दिसतात. खाडीचं पाणी कोंडायचं, ऊन ते उडवून नेतं, मीठ मागे राहतं. विटांच्या भिंतीतही हेच चालतं. जमिनीतली ओल विटेतल्या बारीक छिद्रांमधून वर चढते, बाहेरच्या अंगाला वाळते आणि आणलेले क्षार तिथेच टाकते. तो लोणा.

त्याला बुरशी समजून ओल्या फडक्यानं पुसणारे पुष्कळ. पुसलं की मीठ विरघळून पुन्हा भिंतीत शिरतं. कोरड्या ब्रशानं झाडून सुपलीत घ्यावं.

‘चांगली वीट पाणी पीत नाही’ हाही गैरसमजच. भारतीय मानक 1077 नुसार साधी वीट 24 तास बुडवली, तर तिनं वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलेलं चालतं!

‘ओल गच्चीतूनच येते.’ नेहमीच नाही. डाग छताजवळ असेल तर गच्ची किंवा नळ तपासा. नैऋत्येच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्याशी असेल तर ती पावसाची झड. जोत्यापासून कमरेपर्यंतचा पट्टा मात्र बहुधा जमिनीचा; जोत्यात ओल अडवणारा थर (डीपीसी) नसेल, किंवा रस्त्याचा भराव जोत्यावर चढला असेल, तर तिथे गच्चीवर हजारो रुपये ओतून काय उपयोग?

सगळ्यात महाग पडणारा समज म्हणजे ‘जाड सिमेंट आणि वॉटरप्रूफ रंग मारला की झालं’. आतली ओल कोंडते, आणखी वर चढते. रंगामागे मिठाचे स्फटिक वाढतात आणि पोपडा ढकलून देतात. चुन्यात बांधलेल्या जुन्या घराच्या दर्जांत, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरलं तर हाल विटेचे: दर्जा घट्ट, म्हणून पाणी विटेतूनच बाहेर पडतं आणि वीटच झिजते. माझ्या मते अशा भिंतीला सिमेंट लावूच नये. दर्जा साधारण 20 मिलिमीटर खरवडून चुन्यानंच भराव्यात. खराब व्हायचीच तर दर्ज व्हावी, ती पुन्हा भरता येते.

आधी पाण्याची वाट बंद करा: भराव जोत्याच्या खाली आणा, अंगणाचा उतार भिंतीपासून दूर ठेवा. मग खराब गिलावा काढून भिंत उन्हाळाभर उघडी वाळू द्या. नवा गिलावा करायचा झाला, तर ट्रक रिकामा होण्याआधी गवंड्याला एवढंच विचारा: रेती खाडीची आहे का?