वऱ्हाडच्या पाण्याचा हिशेब कोण मोजणार?

बर्लिनच्या ‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’ने १९९५ साली देशोदेशींच्या भ्रष्टाचाराची पहिली क्रमवारी काढली, तेव्हा यादीत ४१ देश होते. न्यूझीलंड पहिला, इंडोनेशिया शेवटचा, आणि भारत १० पैकी २.७८ गुणांवर ३५वा. त्याच सुमारास बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प कागदावर आकार घेत होता. त्याची मूळ किंमत सुमारे ३९४ कोटी रुपये.

पुढे ही यादी दरवर्षी येत राहिली. लाचेची पावती फाटत नाही, म्हणून सरकारी कारभाराबद्दल तज्ज्ञांना आणि उद्योजकांना काय वाटते ते मोजायचे, हा तिचा पाया. २०१२ मध्ये पद्धत बदलून गुण १०० पैकी देण्यात आले, त्यामुळे आधीच्या गुणांशी थेट तुलना होत नाही. त्या वर्षी भारताला ३६ गुण मिळाले. १७६ देशांत क्रमांक ९४वा.

वऱ्हाडाला मात्र २०१२ आठवते ते दुसऱ्याच आकड्यांनी. राज्याच्या आर्थिक पाहणीत दशकभरातले सिंचित क्षेत्राचे प्रमाण १७.८ वरून जेमतेम १७.९ टक्क्यांवर गेलेले दिसले. सिंचनाच्या कामांतल्या गैरव्यवहारांवर बोट ठेवणाऱ्या मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्राने खळबळ उडाली. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेल्याचे चर्चेत आले. नागपूरची ‘जनमंच’ ही संस्था उच्च न्यायालयात गेली. याच वादात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. सरकारच्या श्वेतपत्रिकेने सिंचन ५.१७ टक्के वाढल्याचे सांगितले. मूळ वाद होता तो मोजणीचाच.

या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. माधव चितळे यांच्या समितीचा अहवाल २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आला. जिगाव, निम्न पेढी अशा प्रकल्पांतल्या कामांचा तपास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या अमरावतीच्या पथकाकडे गेला. डिसेंबर २०१९ मध्ये याच विभागाने अजित पवार यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नसल्याचे न्यायालयाला सांगितले. जिगावची किंमत एव्हाना १३ हजार कोटींच्या पुढे गेली होती.

प्रकल्प रखडण्याची किंमत खारपाणपट्ट्यातल्या कास्तकाराला विचारावी. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या या पट्ट्यात भूजल खारे आहे. विहिरीचे पाणी पिकालाही चालत नाही आणि पोटालाही. धरणाचे गोडे पाणी हाच इथला आधार. इथे एक कालवा रखडला, की एका पिढीचा ओलिताचा हंगाम बुडतो.

हे दुःख जागतिक निर्देशांकात कुठे दिसते? २०१४ मध्ये भारताचे गुण ३८ आणि क्रमांक ८५वा. २०२४ मध्येही गुण ३८च, क्रमांक मात्र १८० देशांत ९६वा. गुण तेच राहून क्रमांक घसरला, कारण यादीतले देश बदलले आणि काही देश पुढे गेले. मथळे क्रमांकाचे होतात. पाहायला हवेत ते गुण. आणि सगळ्या देशाला मिळून गुण एकच असल्याने त्यात अकोला वेगळा दिसत नाही, अमरावतीही नाही.

सामान्य माणसाला थेट विचारण्याचाही प्रयत्न झाला. ‘ट्रान्स्परन्सी’च्याच २०२० च्या आशियाई पाहणीत सरकारी सेवा घेतलेल्या भारतीयांपैकी ३९ टक्क्यांनी वर्षभरात लाच दिल्याचे सांगितले, ४६ टक्क्यांनी ओळख वापरल्याचे. पाहणीतल्या १७ देशांत लाचेचे हे प्रमाण सर्वाधिक होते. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या तक्त्यात भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांत महाराष्ट्र अनेक वर्षे अग्रस्थानी आहे. त्यावरून इथे लाच सर्वात जास्त असे ठरत नाही. तक्रार करायला पुढे येणारी माणसे आणि सापळे लावणारी यंत्रणा जिथे जागी असते, तिथेही आकडा फुगतो.

तीस वर्षांच्या या मोजणीचे मोल मी कमी मानत नाही. या यादीने भ्रष्टाचाराचा प्रश्न जगाच्या पटलावर आणला आणि सरकारांना उत्तर देणे भाग पाडले. पण वऱ्हाडाला दुसरे मापही हवे, आणि ते मतावर नव्हे, शेतावर उभे असले पाहिजे. प्रत्येक प्रकल्पाची मूळ किंमत, आजवरचा खर्च आणि गेल्या हंगामात प्रत्यक्ष भिजलेले हेक्टर हे तीन आकडे दरवर्षी लाभक्षेत्रातल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे आणि माहिती आयोगाचे खंडपीठ अमरावतीतच आहे. कास्तकाराने अर्ज करण्याची वाट न पाहता शासनाने हे आकडे स्वतःहून जाहीर करावेत. ज्याचे शेत, त्याला हिशेब मागावा लागू नये.