‘राइट ऑफ’ म्हणजे कर्जमाफी नव्हे!

मैत्रिणींनो, ‘तिनं भाव खाल्ला’ म्हणतो तेव्हा कुणी काही खात नाही. इंग्रजी क्रियापदांचंही तसंच. मागे एवढासा शब्द लागला की अर्थ पालटतो. ‘पे’ म्हणजे पैसे भरणं. एक हप्ता भरला तरी ‘पे’च. ‘पे ऑफ’ म्हणजे सगळं कर्ज फेडून खातं बेबाक करणं. पण ‘राइट ऑफ’ ऐकलं की सावध! त्यात बँक बुडीत कर्ज फक्त तिच्या ताळेबंदातून काढते. आपलं देणं तसंच राहतं, वसुलीही चालू राहते, आणि सिबिलच्या अहवालात नोंद दिसते ती वेगळीच. ‘राइट ऑफ झालंय, आता भरू नका’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ताई. शाखेत जाऊन बाकी विचारा. फेड झाली की बेबाकी दाखला मागून घ्या.