रागाचा गुण आणि मनाचा ऋतु

संगीतानें मनास स्वास्थ्य लाभतें, असें आम्ही पस्तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास राहून तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचला, आणि त्याच्या पहिल्याच अध्यायांत नादाबरोबर देहाची उत्पत्तिही वर्णिली. नाद देहांतून उमटतो. तेव्हां आधीं देह जाणावा, हा त्यांतील बोध. तो आम्हीं मुलांस शिकविला, परंतु स्वतः घेतला नाहीं. त्याचें मोल आमच्या घरांतील एका मुलास द्यावें लागलें. म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचा पुतण्या सतार वाजवितो. तो वीस वर्षांचा असतां त्याचा हात असा कांहीं चालूं लागला कीं घरांत कौतुक मावेना. रात्रीं दोन वाजेपर्यंत तो द्रुत लयींत वाजवी, तीन तास निजे आणि पहाटे ताजातवाना उठे. बोलणें आवरेना, पैसा पाण्यासारखा जाऊं लागला. सरस्वती प्रसन्न झाली, असें आम्हीच बोलून दाखविलें. दोन महिन्यांनीं तोच मुलगा भिंतीकडे तोंड करून दिवसचे दिवस पडून राहूं लागला. सतारीवरची धूळ पुसावयासही त्याचा हात उठेना.

डॉक्टरांनीं निदान केलें तें द्विध्रुवी विकाराचें. बायपोलर हें त्याचें रूढ नांव. यांत मन कधीं उन्मादाच्या तर कधीं विषादाच्या टोकास जातें, आणि मधल्या काळांत माणूस चारचौघांसारखा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं जगांत सुमारें चार कोटि लोकांस हा विकार होता. हा स्वभावदोष नव्हे आणि संस्कारांची उणीवही नव्हे.

आमच्या हातून दोन चुका झाल्या. पहिली ही कीं, विषादाच्या दिवसांत आम्ही रोज सकाळीं त्याच्या उशाशीं एखादा प्रसन्न राग लावून ठेवीत असूं. एके दिवशीं तो हळूच म्हणाला, “काका, स्वर कानांवर येतात, पण आंत कांहींच हालत नाहीं. बंद करा ना.” आम्हांस तो हट्ट वाटला. वस्तुतः त्यानें आपल्या आजाराचें लक्षणच नेमकें सांगितलें होतें. आवडतें संगीत ऐकतांना मेंदूंत डोपामीन नांवाचें द्रव्य स्रवतें, असें मॉन्ट्रियल येथील संशोधकांनीं २०११ सालीं दाखविलें. परंतु गाढ विषादांत आनंद घेण्याची शक्तीच मंदावते. तेथें उत्तम राग लावूनही काय होणार!

दुसरी चूक याहून मोठी. औषधानें मुलास उतार पडला. त्याचें श्रेय आम्हीं रागास दिलें आणि आतां गोळ्या कमी करावयास हरकत नाहीं, असें सुचविलें. वडील माणसाचा शब्द म्हणून त्यानें तो मानला. चार महिन्यांत उन्माद परतला आणि त्यास रुग्णालयांत ठेवावें लागलें. आमच्या धाकट्या भावजयीनें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तें मौन आम्हांस अजून सलतें.

संगीताच्या ज्ञानानेंच हा रोग हटला असता, तर जर्मनीचा थोर संगीतकार रॉबर्ट शूमान वांचता. १८४० या एका वर्षांत त्यानें शंभराहून अधिक गीतें रचलीं. १८४४ सालीं मात्र तो खचून गेला. १८५४ च्या फेब्रुवारींत त्यास अखंड स्वर ऐकूं येऊं लागले, आणि त्यानें ऱ्हाइन नदींत उडी घेतली. लोकांनीं त्यास वर काढलें, परंतु दोन वर्षांनीं मनोरुग्णालयांतच त्याचा अंत झाला. त्याच्या रोगाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. अनेकांच्या मतें तो हाच विकार असावा. या विकारावरील लिथियमचा गुण जॉन केड यांनीं ऑस्ट्रेलियांत प्रसिद्ध केला तो १९४९ सालीं.

मग संगीत व्यर्थ काय? मुळींच नाहीं. विषादाच्या विकारावर नेहमींच्या उपचारांच्या जोडीस संगीतोपचार दिल्यास कांहीं काळ अधिक उतार पडतो, असें २०१७ सालच्या एका मोठ्या आढाव्यांत आढळलें. ‘जोडीस’ हा शब्द वाचकांनीं विसरूं नये.

आमच्या घरीं आतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें नियम ठरले आहेत. झोप मोडली कीं उन्माद बळावतो. म्हणून रात्रीं नवानंतर सतारीवर गवसणी पडते. मन चढूं लागलें कीं द्रुत लय, मोठा आवाज आणि बैठकी बंद. मन उतरलें असतां आग्रह नाहीं. दहा मिनिटें कोणी जवळ बसून ऐकलें तरी पुरे. एकच दुःखी गाणें तो पुन्हा पुन्हा ऐकूं लागला, अथवा अपरात्रीं रियाज सुरू झाला, तर आम्ही वहींत तारीख टिपतों आणि डॉक्टरांस कळवितों. गोळ्यांविषयीं घरांत कोणीही सल्ला देत नाहीं. ज्या घरीं जवळ डॉक्टर नसेल त्यांनीं ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य विचारावें.

काल संध्याकाळीं त्यानें सतार काढली. पूर्वीं आम्ही अमुक वाजव म्हणून सांगत असूं. काल आम्हीं विचारलें, आज काय वाजवावेंसें वाटतें? तो क्षणभर थांबला, म्हणाला, “आज नुसती जुळवतों, काका.” अर्धा तास त्यानें तारा जुळविल्या, आणि आम्ही ऐकत बसलों.